सरासरीइतक्या पावसाचा अंदाज देणे थांबवावे

महिना संपता संपता पुढच्या महिन्याच्या पावसाचा अंदाज जाहीर होतो. देशभरात मिळून पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या अमुक ते अमुक टक्के, म्हणजे सरासरीइतका राहील. मागे शंभर पानांचे गणित आणि डझनभर नकाशे असतात, पण बातमीत एवढे एकच वाक्य उरते. गंमत अशी, की पाऊस सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका किंवा सरासरीपेक्षा जास्त, या तीन शक्यतांपैकी हवामानाच्या संगणकीय मॉडेलांना सर्वांत कमी कळते ती नेमकी मधली.

म्हणून मागणी सरळ आहे. भारतासह उष्णकटिबंधातल्या हवामान खात्यांनी मासिक पाऊस ‘सरासरीइतका’ या एका गटात जाहीर करणे थांबवावे. तिन्ही गटांची टक्केवारी द्यावी आणि त्याच नकाशावर, त्याच भागासाठी व त्याच महिन्यासाठी मॉडेल आजवर किती बरोबर आले तेही छापावे. जिथे ते शून्याच्या आसपास आहे तिथे नकाशा कोरा सोडावा.

२०२३चा पावसाळा आठवा. ऑगस्टसाठी भारतीय हवामान खात्याने देशभरात ९४ टक्क्यांपेक्षा कमी पावसाचा अंदाज दिला होता. ऑगस्टची सरासरी २५४.९ मिलिमीटर, प्रत्यक्षात पडला सुमारे १६३ मिलिमीटर. तूट ३६ टक्के, १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट. अंदाज चुकला का? गट बरोबर आला. पण ‘९४ टक्क्यांपेक्षा कमी’ या एका खणात ९२ टक्केही बसतात आणि ६४ टक्केही. धरण सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे महिने आहेत. लगेच पुढच्या महिन्यासाठी, सप्टेंबरसाठी, ९१ ते १०९ टक्के, म्हणजे सरासरीइतका, असे सांगितले गेले आणि पाऊस झाला ११३ टक्के. हे खात्याचे अपयश म्हणून मी सांगत नाही. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा तापणे, सुरू असताना ऑगस्ट इतका कोरडा जाईल आणि सप्टेंबर उलटा फिरेल, हे मासिक अंदाजातून नेमके सांगणे आजच्या विज्ञानाच्या आवाक्याबाहेर आहे. ते आवाक्याबाहेर आहे हे अंदाजाच्या वाक्यात दिसत नाही, ही माझी तक्रार.

एवढ्या पुढचा अंदाज मुळात शक्य का होतो? हवेची स्थिती आज कितीही बारकाईने मोजली तरी दोनेक आठवड्यांनंतर नेमक्या दिवसाचा अंदाज कोलमडतो. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३मध्ये या अराजकाचे गणित मांडले. १९८१मध्ये ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी दाखवले, की उष्णकटिबंधात अमुक दिवशीचा पाऊस सांगता आला नाही तरी दीर्घ काळाची सरासरी काही प्रमाणात सांगता येते. कारण ती समुद्राचे तापमान, जमिनीतला ओलावा अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर टेकलेली असते. प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी तापले, तर वर चढणाऱ्या हवेचे आणि खाली उतरणाऱ्या हवेचे पट्टे सरकतात, आणि ते पाणी काही महिने तसेच राहते. मासिक आणि हंगामी अंदाजाची भिस्त यावर.

पण महिना हे माप फार अडचणीचे आहे. पंधरवड्याच्या अंदाजाला आजच्या हवेचा आधार असतो, चार महिन्यांच्या हंगामाला समुद्राचा. महिना दोन्हींच्या मधे लोंबकळतो. मान्सूनचे जोराचे दिवस आणि खंड हे १० ते २० आणि ३० ते ६० दिवसांच्या लयीत येतात. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१मध्ये शोधलेले, विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारे ढगांचे आंदोलन, म्हणजे एमजेओ, याच दुसऱ्या लयीचे. एक मोठा खंड ५ तारखेला सुरू झाला तर अख्खा महिना बुडतो. २५ तारखेला सुरू झाला तर तूट दोन महिन्यांत वाटली जाते. चांगली मॉडेलेसुद्धा एमजेओची जागा तीन ते चार आठवड्यांपलीकडे सांगू शकत नाहीत. २००२मध्ये मध्यम ताकदीचा एल निनो होता आणि भारतात जुलैचा पाऊस निम्म्यावर आला. त्याआधी १९९७मध्ये शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक होता आणि भारतातला हंगाम १०२ टक्क्यांवर संपला. एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण डोक्यात ठेवून कुणी महिन्याचा अंदाज लिहीत असेल तर त्याने ही दोन वर्षे शेजारी ठेवावीत.

सगळीकडे चित्र सारखे नाही, आणि माझ्या मागणीचा कणा हाच आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये फेब्रुवारी ते मे हा पावसाळा अटलांटिक आणि प्रशांत यांच्या तापमानाशी इतका बांधलेला आहे, की तिथले हंगामी अंदाज जगातल्या सर्वांत भरवशाच्या अंदाजांत मोडतात. पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा पावसाळा हिंद महासागराच्या द्विध्रुवाशी, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाच्या फरकाशी, जोडलेला आहे. २०१९मध्ये तो द्विध्रुव जोरात धन झाला आणि तिथे पूर आले. त्याच भूभागावरचा मार्च ते मेचा मोठा पावसाळा मात्र मॉडेलांना फारशी दाद देत नाही. इंडोनेशियात कोरड्या हंगामात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला एल निनोचा ठसा स्पष्ट असतो, ऐन पावसाळ्यात तो पुसट होतो. म्हणजे एकाच जागी, एकाच मॉडेलचा शब्द ऑक्टोबरमध्ये मोलाचा आणि एप्रिलमध्ये जवळपास निरर्थक असू शकतो. दोन्ही महिन्यांचे नकाशे एकाच रंगपट्टीत, एकाच आत्मविश्वासाने छापणे ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे, भले ती हेतुपुरस्सर नसो.

आता हा नकाशा तयार कसा होतो ते पाहू, कारण बहुतेक चुका मॉडेलच्या आत नव्हे, मॉडेलनंतरच्या टप्प्यांत शिरतात. समुद्र आणि हवा जोडलेले मॉडेल एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक वेळा चालवतात. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या एसईएएस-५ या हंगामी प्रणालीत दर महिन्याला अशा ५१ धावा होतात, सुमारे ३६ किलोमीटरच्या चौकटीवर. भारताच्या मान्सून मिशनचे मॉडेल साधारण ३८ किलोमीटरचे. पावसाचा ढग त्या मानाने फार लहान, काही किलोमीटरचा. त्यामुळे ढग मॉडेलमध्ये प्रत्यक्ष घडत नाही. त्याचा एकत्रित परिणाम सूत्रांनी अंदाजावा लागतो. परिणाम ठरलेले आहेत: मॉडेल खूप दिवस रिमझिम पाऊस पाडते आणि जोरदार सरी कमी देते, आणि प्रशांतात एकाऐवजी दोन पर्जन्यपट्टे उभे करते. भारतीय भूमीवर अनेक मॉडेले कोरडी असतात आणि विषुववृत्तीय हिंद महासागरावर ओली.

शिवाय जोडलेले मॉडेल सुरुवातीच्या खऱ्या समुद्रापासून हळूहळू स्वतःच्या आवडत्या हवामानाकडे सरकते. जूनमध्ये सुरू केलेल्या धावेची ऑगस्टमधली चूक आणि जुलैमध्ये सुरू केलेल्या धावेची ऑगस्टमधली चूक वेगळी असते. म्हणून तेच मॉडेल मागच्या वर्षांसाठी, तेव्हा जेवढे माहीत होते तेवढ्यावरच चालवतात. याला हाइंडकास्ट म्हणतात. हा साठा हाताशी नसेल तर मॉडेलच्या मिलिमीटरला काही अर्थ नाही. साठा असेल तर निदान मॉडेलच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा कमी की जास्त, हे सांगता येते.

पुढची कामे किरकोळ वाटतात आणि तिथेच पाय घसरतो. पाऊस बहुधा दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणाऱ्या किलोग्रॅममध्ये येतो. एक चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे ८६,४०० आणि महिन्याचे दिवस यांनी गुणायचे. पण काही केंद्रे तोच आकडा मीटर प्रति सेकंदात देतात. तिथे आणखी हजाराने गुणायचे राहिले तर साऱ्या खंडाचे वाळवंट होते. ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका वाईट. वेगवेगळ्या मॉडेलांच्या चौकटी जुळवताना शेजारच्या बिंदूंमधून सरळ रेषेने किंमत काढली तर डोंगराळ भागातले एकूण पाणी बदलते. पावसासाठी एकूण राशी जपणारी पद्धतच वापरावी. पडताळणीला प्रत्यक्ष पावसाऐवजी पुनर्विश्लेषणातला पाऊस घेतात. तो मोजलेला नसतो, दुसऱ्या मॉडेलनेच काढलेला असतो. जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवर आधारलेली भारतीय हवामान खात्याची ०.२५ अंशाची चौकट किंवा उपग्रह आणि मापक यांचा मेळ घालणारी १९८१पासूनची चर्प्स मालिका उपलब्ध असताना हा आळस आहे.

मग येते चुकीची दुरुस्ती. सरासरीतला फरक नुसता वजा केला तर कोरड्या महिन्यात पाऊस ऋण येतो. गुणोत्तराने दुरुस्त केला तर उलट संकट: मॉडेलची सरासरी २ मिलिमीटर आणि खरी १० असेल तर गुणक ५, एखाद्या वर्षी मॉडेलने २० दाखवले की अंदाज १००वर जातो. पूर्ण वितरण जुळवण्याची पद्धत, क्वांटाइल मॅपिंग, दिसायला सुबक असते. पण ती मॉडेलला नवे काही शिकवत नाही. ज्या वर्षी मॉडेलने ओले म्हटले ते वर्ष कोरडे गेले असेल, तर मॅपिंगनंतर तीच चूक नीटनेटक्या मिलिमीटरमध्ये मिळते. शंभर किलोमीटरच्या चौकटीतून पाच किलोमीटरचा नकाशा काढण्याच्या हौसेलाही हेच लागू. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पर्जन्यछायेत ७००च्या आत. ही तफावत नकाशावर रंगवता येते, कारण ती आधीपासून माहीत आहे. यंदा ती कशी बदलेल, हे त्या रंगवण्यातून कळत नाही.

सर्वांत जुनी चूक निवडीची. गिल्बर्ट वॉकर १९०४मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि जगभरचे दाब, तापमान, पाऊस यांची परस्परसंबंधांची मोठी जंत्री त्यांनी मांडली. त्यातून दक्षिणी आंदोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंद महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, हाती लागले, पण पावसाच्या अंदाजासाठी निवडलेले कित्येक संबंध पुढच्या दशकांत विरून गेले. २००२मध्ये सोळा घटकांच्या सांख्यिकी मॉडेलने १०१ टक्के सांगितले आणि हंगाम ८१वर थांबला. पुढच्याच वर्षी खात्याने ते मॉडेल बदलले. आजही तीस वर्षांच्या मालिकेवर शंभर घटक तपासून पाच निवडायचे, आणि मग ‘एक वर्ष बाजूला ठेवून’ चाचणी घ्यायची, असे चालते. निवड करताना ते वर्ष बाजूला ठेवलेलेच नव्हते, मग चाचणी कसली?

आता मधल्या गटाच्या गणिताकडे येतो. युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेत वेगवेगळ्या केंद्रांच्या मॉडेलांचा सामाईक हाइंडकास्ट काळ १९९३ ते २०१६ आहे, म्हणजे २४ वर्षे. गटांच्या सीमा मागची वर्षे तिन्हींत समान वाटली जातील अशा आखतात, म्हणून प्रत्येकी आठ. एवढ्या वर्षांत अंदाज आणि पाऊस यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) योगायोगापेक्षा वेगळा ठरवायला साधारण ०.४ लागतो, आणि पहिला महिना सोडला तर उष्णकटिबंधातल्या बहुतांश जमिनीवर तेवढाही मिळणे कठीण. समजा मिळाला. पाऊस घंटाकृती वितरणाने वागतो असे धरा. मॉडेलने नेहमीच्या ताकदीचा कोरडा इशारा दिला तर शक्यता येतात ४९, ३३ आणि १८ टक्के. कोरड्या गटाची शक्यता ३३वरून ४९वर गेली, ओल्याची १८वर उतरली, आणि मधला गट होता तिथेच बसून राहिला. मॉडेलने काहीच इशारा दिला नाही, म्हणजे अगदी सरासरीवर बोट ठेवले, तरी मधल्या गटाची शक्यता फक्त ३६ टक्के. ०.४ सहसंबंध असलेले मॉडेल ‘सरासरीइतका’ या गटाला ३६पेक्षा जास्त टक्के प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. पन्नास टक्के द्यायचे तर सहसंबंध ०.७७ लागतो. ह्यूग व्हॅन डेन डूल आणि झोल्टन टोथ यांनी १९९१मध्ये मधल्या गटाचे अंदाज सतत का फसतात, ते उलगडून दाखवले होते. तरी जाहीर होणाऱ्या अंदाजांत हाच गट लाडका आहे.

लाडका का, तेही उघड आहे. मधले बोललेले कधीच फार चुकीचे वाटत नाही. आफ्रिकेत १९९७पासून प्रादेशिक हवामान परिषदा भरतात; अनेक देशांचे तज्ज्ञ एकत्र बसून एकमताने अंदाज ठरवत. त्या अंदाजांची नंतर पडताळणी झाली तेव्हा सरासरीच्या गटाला सातत्याने वाढीव टक्के दिल्याचे आढळले. एकमत मधोमधच होते. जागतिक हवामान संघटनेने २०२०मध्ये वस्तुनिष्ठ, म्हणजे प्रत्येक पायरी लिहून ठेवलेल्या आणि पुन्हा करून पाहता येणाऱ्या हंगामी अंदाजांसाठी मार्गदर्शन दिले, ते याच अनुभवातून. मासिक अंदाजाला तोच नियम लावायला हरकत काय?

‘पहिल्या महिन्याचे कौशल्य’, म्हणजे पहिल्या महिन्याचा अंदाज किती बरोबर येतो, हाही शब्द जपून घ्यावा. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग एकमेकांपासून स्वतंत्र आणि सारख्या चढउतारांचे धरा. नुसता पहिला भाग ०.८ सहसंबंधाने सांगता आला आणि उरलेल्या वीस दिवसांबद्दल शून्य माहिती असली, तरी पूर्ण महिन्याचा सहसंबंध ०.४६ येतो. ३१ तारखेला दिलेल्या अंदाजाचा भरवसा अशा रीतीने रोजच्या हवामान अंदाजातून उसना आलेला असू शकतो. बियाणे, खते, धरणातला विसर्ग, पीकविमा यांचे निर्णय मात्र तीन-चार आठवडे आधी घ्यावे लागतात. म्हणून कौशल्याचा हिशेब छापताना पहिल्या दहा दिवसांचा वाटा आणि उरलेल्यांचा वाटा वेगळा छापलाच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या महिन्याच्या नकाशाला पहिल्याची पत मिळते.

लोकांना टक्केवारी समजत नाही, हा नेहमीचा आक्षेप. समजा कोरड्या महिन्यापासून बचावाचा खर्च १,००० रुपये आणि बचाव न केल्यास नुकसान ५,०००. मग कोरडेपणाची शक्यता २० टक्क्यांवर असेल तर बचाव परवडतो. कुठलाही अंदाज नसताना ही शक्यता ३३ असते, म्हणजे या माणसाने एरवीही बचाव करावा. त्याला अंदाजाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो आकडा २०च्या खाली उतरतो. दुसऱ्या कुणाचा खर्च २,५०० असेल तर त्याला ५०च्या वरचा आकडा हवा. ‘सरासरीइतका’ ऐकून पहिला बचाव सोडून देतो, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. ही मांडणी ज्याला समजत नाही असा व्यापारी किंवा शेतकरी शोधूनही सापडणार नाही. त्यांना मिळत नाहीत ते आकडे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २४ वर्षांवरून काढलेला हिशेबही डळमळीत असतो, मग तो छापून काय साधणार? खरे आहे. एका चौकटीतला ०.४ शेजारच्या चौकटीत ०.१ होतो आणि त्यात भौतिक कारण काहीच नसते. उपाय आहे तो हिशेब चौकटीनिहाय न मांडता एकसारख्या पावसाच्या विभागांनुसार मांडण्याचा. भारतात हवामानाचे ३६ उपविभाग आहेतच. देशभराची एक सरासरी तर या कामाला अगदी निरुपयोगी, कारण मान्सूनच्या खंडात मध्य भारत कोरडा आणि हिमालयाचा पायथा व ईशान्य भाग ओला असतो; बेरीज केली की दोन्ही बातम्या गायब. हाइंडकास्टमध्ये धावा कमी आणि चालू अंदाजात जास्त असतात, जसे एसईएएस-५मध्ये २५ आणि ५१, हा फरक टक्केवारी काढताना लक्षात घ्यावा लागतो. मॉडेलची आवृत्ती बदलली की जुना हिशेब रद्द. पायाभूत सरासरी कुठल्या वर्षांची, हेही नकाशावर हवे. १९९३ ते २०१६च्या हाइंडकास्टवरची ‘सरासरी’ आणि खात्याची १९७१ ते २०२०ची सरासरी एक नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांकडे बोट दाखवून कुणी हा प्रश्न पुढे ढकलू नये. दहा दिवसांच्या अंदाजात त्यांनी मोठी मजल मारली, कारण शिकायला चार दशकांचे सहा-सहा तासांचे नमुने होते. ऑगस्ट महिन्याचे नमुने त्याच चार दशकांत चाळीस. वॉकर यांच्यापुढे होती तीच अडचण.

भारतीय हवामान खाते २०२१पासून अनेक मॉडेले एकत्र करून अंदाज देते आणि तीन गटांच्या शक्यतांचे नकाशेही काढते. म्हणजे अर्धे काम झालेले आहे. उरले आहे ते असे: पत्रकातले पहिले वाक्य देशभराच्या टक्क्यांऐवजी उपविभागांच्या शक्यतांपासून सुरू करणे, कौशल्य नसलेल्या उपविभागांवर रंग न भरणे, आणि हाइंडकास्टचे मासिक आकडे कुणालाही उतरवून घेता येतील असे खुले ठेवणे. एखाद्या जुलैत ३६पैकी वीस उपविभाग कोरे निघाले तर मथळे बोचरे येतील. पण कोऱ्या उपविभागातल्या धरणाचा अभियंता त्या महिन्यात निदान मासिक अंदाजावर विसंबून विसर्ग ठरवणार नाही. रोजचा आणि पंधरवड्याचा अंदाज उघडेल.